पर्मनंट करतो, पण आधी इथे सही कर

वाचकाचा प्रश्न

वाचक एकतीस वर्षांचे, मूळचे मराठवाड्यातले, आयटीआय झालेले. चाकण परिसरात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सात वर्षं मशीनवर आहेत; पण कागदोपत्री कारखान्याचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत. दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, ठेकेदाराचं नाव बदलतं, मशीन तेच राहतं. अलीकडे मुलांनी मिळून युनियनचं सभासदत्व घेतलं. पुढाकार घेणाऱ्या आठ जणांना त्यानंतर गेटवरच अडवण्यात आलं. आता एचआरने वाचकांना बोलावून सांगितलंय की तुला कंपनीच्या रोलवर घेतो, फक्त दोन कागदांवर सही कर. एक ठेकेदाराकडचा राजीनामा. दुसरं निवेदन, की त्या आठ जणांनी मला धमकावून युनियनचा फॉर्म भरायला लावला. नोकरीचं आश्वासन मात्र तोंडी. वडील म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर नको. ‘मुलगा पर्मनंट आहे का’ या प्रश्नावर स्थळं परत जातायत. जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की एका सहकाऱ्याला सुपरवायझर जातीवरून बोलतो. प्रश्न असा: “आम्ही ठेक्यावरची पोरं, कायदा आमच्यासाठी नाहीच. मग सही केली तर मी गद्दार ठरतो का?”

उत्तर

अजून सही झालेली नाही असं धरून लिहिते. झाली असेल तर त्याबद्दलही पुढे लिहिलंय.

पुन्हा बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, आणि हो तर अजिबात म्हणू नका. एवढंच सांगा: “साहेब, नोकरी मिळत असेल तर आनंदच आहे. दोन्ही कागदांची एकेक प्रत द्या, घरी वडिलांना दाखवतो आणि कळवतो.” यात उद्धटपणा नाही, खोटंही काही नाही. प्रत दिली तर तुमच्या हाती एक पुरावा आला. नाही दिली, तर घरी नेऊ देत नाहीत असा कागद कुणाच्या सोयीचा आहे हे वडिलांनाही कळेल. जमल्यास त्याच दिवशी एचआरला ईमेलवर किंवा व्हॉट्सॅपवर दोन ओळी पाठवा, की आज आपण मला अमुक दोन कागदांवर सही करायला सांगितलं, मी प्रती मागितल्या आहेत. एवढा धीर होत नसेल तर निदान घरी येऊन वहीत लिहा: किती वाजता, कुठल्या खोलीत, कोण होतं, कोण काय म्हणालं. आणि तेच त्याच संध्याकाळी एखाद्या विश्वासू मित्राला पाठवून ठेवा, म्हणजे तारीख पडते.

आता मूळ गोष्ट. पत्रात तुम्ही सगळा मामला एका सहीचा करून टाकलाय. सही केली तर पर्मनंट आणि गद्दार, नाही केली तर प्रामाणिक आणि बेकार. पण टेबलावर कागद दोन आहेत. आणि तुम्हाला खरोखर हवा असलेला तिसरा कागद, म्हणजे कंपनीचं नेमणूकपत्र, टेबलावर नाहीच.

कंपनीच्या रोलवर जाण्यात गद्दारी कसली? पक्की नोकरी मिळावी म्हणूनच तर सगळे युनियनमध्ये गेले. ती एकाला आधी मिळाली तर बाकीचे चिडतील, काही दिवस चहाला हाक मारणार नाहीत. ते चालायचंच. गद्दारीचा प्रश्न येतो तो त्या निवेदनापाशी, कारण त्यात आठ जणांच्या पोटावर पाय आहे. तुम्हाला एक विचारते, आणि उगाच विचारत नाही: धमकी दिली होती का कुणी? पत्रात तुम्ही ते हो किंवा नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. खरोखर कुणी दरडावून फॉर्म भरायला लावला असेल तर ते सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संघटनेने धाकदपटशाने सभासद करून घेणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच आहे. पण मग ते तुमच्या शब्दांत, घडलं तेवढंच, ज्याने केलं त्याच्याच नावाने लिहा. दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या आणि आठही नावं एका ओळीत बसवलेल्या कागदावर सही कशाला?

आणि धमकी नव्हतीच असं असेल, तर त्या निवेदनाचं पुढे काय होतं तेही बघा, कारण एचआरने ते तुम्हाला सांगितलेलं नसणार. ते आठ जण आज ना उद्या कोर्टात जातील. तिथे त्यांना का अडवलं याचं कारण द्यावं लागेल. ‘युनियन केली म्हणून’ हे कारण कुणी देत नाही. ‘इतर कामगारांना धमकावलं, गैरवर्तन केलं’ हे देता येतं, आणि त्यासाठी धमकावला गेलेला एक कामगार लागतो. तो तुम्ही. आधी चौकशी अधिकाऱ्यासमोर तुम्हाला साक्षीदार म्हणून बसवतील. मग कोर्टात शपथेवर प्रतिज्ञापत्र. मग युनियनच्या वकिलाची उलटतपासणी: धमकी कुठे दिली, कुठली शिफ्ट होती, त्या दिवशी तुमची हजेरी होती का, त्यानंतर त्याच लोकांसोबत डबा कसा खात होतात, आणि हे निवेदन दिल्यावर किती दिवसांत तुम्ही पर्मनंट झालात? शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे आणि तो एचआरच्या नावावर लागत नाही. कंपनीने ‘ही आमची माणसंच नाहीत’ अशी भूमिका घेतली, तर हाच कागद पोलिस तक्रारीला जोडला जाऊ शकतो आणि पहिला जबाब तुमचा लागतो. एका सहीत सुटका होईल असं वाटतंय, पण त्या सहीने तुम्ही दुसऱ्यांच्या खटल्यात काही वर्षांसाठी अडकता.

तुम्हाला दिलेल्या या ऑफरचं वर्णन कायद्यात फार पूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठी महाराष्ट्राचा १९७१ चा स्वतःचा कायदा आहे, १९७५ पासून अंमलात आलेला. कोर्टाच्या आवारात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. ‘यूएलपी’ म्हणतात, म्हणजे अनफेअर लेबर प्रॅक्टिस, अनुचित कामगार प्रथा; आणि तक्रार करण्याला ‘यूएलपी टाकणं’. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालकाने काय करू नये याची यादी आहे. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकीन असं धमकावणं त्यात आहे. संघटना उभी राहत असताना ती मोडण्यासाठी नेमकी तेव्हाच पगारवाढ देणं त्यात आहे. आणि कामगारांत फूट पडावी, संघटनेचं बळ कमी व्हावं म्हणून काही जणांना लायकीबाहेर बढत्या देणं, हेही आहे. तुमची लायकी नाही असं मी म्हणत नाही. पण सात वर्षं ती कुणाच्या नजरेत भरली नाही आणि युनियनची पावती फाडल्यावर लगेच भरली, हे न्यायाधीशांना नवल वाटण्यासारखंच आहे.

अशीच यादी केंद्राच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तो कायदा गेला, आणि ती यादी आता औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. या संहितेने रद्द केलेले तीन कायदे केंद्राचे आहेत. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा त्या तिघांत नाही. तरीही दोन्हींचा विषय एकच, त्यामुळे समोरचा वकील ‘तुम्ही चुकीच्या दारात आलात’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला घेणार असं धरून चाला. वकील गाठाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: कुठल्या कायद्याखाली, कुठल्या न्यायालयात, आणि का तिथेच. या प्रश्नाला नीट उत्तर न देणाऱ्या वकिलाची फी कितीही कमी असली तरी ती महागच पडते.

आता टेबलावर नसलेला कागद. ‘रोलवर घेतो’ म्हणजे नेमकं काय, हे एचआरने सांगितलेलं नाही आणि तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. त्याचा अर्थ सहा महिन्यांचं प्रोबेशन असू शकतो. ठरावीक मुदतीची नेमणूकही असू शकते. कायद्याने ती चालते. पक्क्या कामगाराइतका पगार आणि सवलती द्याव्या लागतात, वर्ष भरलं तर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही. पण मुदत संपली की नोकरी संपली, आणि ती कामगारकपात धरली जात नाही, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. तेव्हा राजीनाम्याआधी नेमणूकपत्र हातात हवं. त्यात मालक म्हणून कारखान्याचंच नाव आहे ना, पद कुठलं, पगार किती, प्रोबेशन किती, मुदत लिहिली आहे का, आणि गेली सात वर्षं धरली आहेत की पुसली आहेत, एवढं वाचा. नव्या संहितांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही ते मागताय यात काही जगावेगळं नाही. राजीनामा आधी आणि पत्र नंतर या क्रमात सगळा धोका आहे. राजीनामा दिलात, पत्र आलंच नाही, तर तुम्ही ठेकेदाराचेही नाही आणि कंपनीचेही नाही. मग गेटवर वॉचमनला काय दाखवणार?

“कायदा आमच्यासाठी नाहीच,” असं तुम्ही लिहिलंय. हे अर्धं खरं आहे. नेमकं कुठलं अर्धं, हे ठाऊक नसल्यामुळे लोकांची वर्षंच्या वर्षं वाया जातात, म्हणून इथे जरा थांबते.

२००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की ठेका बंद झाला किंवा सरकारने त्यावर बंदी घातली, तरी ठेक्याचे कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: ठेका निव्वळ दिखाऊ असेल, कायद्याची देणी चुकवण्यासाठी मध्ये ठेकेदाराचं नाव घुसवलं असेल, तर ते कामगार मूळ कंपनीचेच. त्याच वर्षी सिप्ला कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक गाठ मारली. कंपनी जर म्हणत असेल की हे आमचे कामगारच नाहीत, तर यूएलपीच्या तक्रारीत तो वाद सोडवता येत नाही. ‘आम्ही कंपनीचे’ हे आधी ठरलं पाहिजे, मग तक्रार. म्हणून ठेक्याच्या मुलांनी थेट यूएलपी टाकली की बरेचदा ती याच मुद्द्यावर अडकते, आणि पोरांना वाटतं कोर्टही कंपनीचंच. कोर्ट कंपनीचं नसतं. आधी चढायची पायरी राहून गेलेली असते.

ती पायरी म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, समेट अधिकाऱ्यापुढे, ‘हा ठेका दिखाऊ आहे, आम्ही कंपनीचेच कामगार आहोत’ असा वाद उभा करणं, आणि समेट झाला नाही तर औद्योगिक न्यायाधिकरणात जाणं. पूर्वी मध्ये सरकारने प्रकरण पाठवावं लागे आणि फाइल तिथेच धूळ खात पडे. नव्या संहितेत तो टप्पा काढलाय. कामावरून काढलेला एकटा कामगारही, समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले की थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो, मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्या आठ जणांना हे कुणीतरी सांगायला हवं. यूएलपीची मुदत तर त्याहून कमी आहे, ९० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण माफी मागायची वेळच का आणावी?

ठेका दिखाऊ आहे की नाही, हे कशावरून ठरतं? काम कोण सांगतं, हजेरी कोण घेतं, सुट्टी कोण मंजूर करतं, चूक झाली तर झापतं कोण, माल आणि मशीन कुणाचं, ठेकेदार बदलला तरी माणसं तीच राहतात का. आणि इथे मला तुमच्या एचआरचं नवल वाटतं. तुम्ही ठेकेदाराची माणसं असाल तर ठेकेदाराकडचा राजीनामा कंपनीचा एचआर का घेतोय? ठेकेदाराच्या मुलांना युनियनमध्ये कुणी ढकललं याची चौकशी कंपनी का करतेय? तुम्हाला ज्या टेबलाशी बोलावलं, ते बोलावणंच तुमच्या बाजूचा पुरावा आहे. म्हणूनच वहीत लिहून ठेवा म्हटलं.

कामाच्या २४० दिवसांबद्दलही दोन शब्द, कारण चाकणपासून बुटीबोरीपर्यंत प्रत्येक टपरीवर ‘२४० भरले की पर्मनंट’ हे ऐकू येतं. कायद्याने २४० दिवसांना मुख्यतः जे मिळतं ते काढताना नोटीस आणि भरपाईचं संरक्षण. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, तात्पुरत्या कामगाराला २४० दिवसांनंतर पक्कं करण्याची तरतूद होती, तिच्यातून ही समजूत मुरली. पण तीसुद्धा आधी ‘तू कामगार कुणाचा’ हेच विचारते. जे वाचक ठेकेदाराविना थेट कंपनीचे ‘टेम्पररी’ किंवा ‘बदली’ आहेत, त्यांची बाजू तुमच्यापेक्षा बळकट आहे. पक्केपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही राज्याच्या कायद्यातल्या चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकाची अनुचित प्रथा आहे. २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही मान्य केलं की अशा प्रकरणात पक्कं करण्याचा आदेश देण्याचा अधिकार औद्योगिक न्यायालयाला आहे. त्या वाचकांनी ठेकेदारांच्या गोष्टी ऐकून हातपाय गाळू नयेत.

पुरावे गोळा करायचे म्हणजे चोरी करायची नाही. मोबाइलबंदी असलेल्या विभागात फोटो काढू नका, कंपनीच्या ड्रॉइंगला हात लावू नका. तेवढ्यावरून तुम्हाला काढायला कारण मिळेल. तुमचं स्वतःचं जे आहे ते पुष्कळ आहे. जुने गेटपास, ओळखपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, ईएसआयचं कार्ड, कंपनीच्या बसचा पास, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, उत्तम कामगिरीचं बक्षीस देतानाचा फोटो. सुपरवायझर व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर ‘उद्या सेकंड शिफ्ट, लाइन तीन’ असं टाकतो ना, त्याला सोन्याची किंमत आहे, कारण काम कोण सांगतं हे त्यात लिहिलंय. ग्रुपमधून बाहेर पडू नका, चॅट पुसू नका, आणि फोन बदलला तरी जुना हँडसेट विकू नका. कोर्टात नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन मागितला जाऊ शकतो.

युनियनकडेही डोळे उघडे ठेवूनच बघा. नोंदणी प्रमाणपत्र पाहिलंत का? वर्गणीची पावती मिळते का, पैसे संघटनेच्या खात्यात जातात की कुणाच्या खिशात? तुमच्या कारखान्यातलं कोण समितीवर आहे? या प्रश्नांनी जो नेता चिडतो त्याच्यामागे जाऊन नोकरी घालवू नये. आणि कुणी ‘उद्या सगळ्यांनी मिळून सुट्टी टाकू, संप म्हणायचं नाही’ अशी शक्कल काढली तर थांबवा. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजासुद्धा संपच धरली जाते, आणि संपाला किमान १४ दिवसांची नोटीस लागते.

सहकाऱ्याला जातीवरून बोलतात, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका वाक्यात उरकलंय. मला ते उरकण्यासारखं वाटत नाही. ते युनियनच्या मागण्यांत सातव्या क्रमांकावर टाकायचं प्रकरण नव्हे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्याची जागा पोलिस ठाण्यात आहे, आणि त्या कायद्यात आरोपीला अटकपूर्व जामिनाची वाट सर्वसाधारणपणे बंद असते. तक्रार करायची की नाही हे मात्र त्याने ठरवायचं, तुम्ही त्याच्या वतीने जाहीर करायचं नाही. तुमच्या हातात एक गोष्ट आहे: तुम्ही ऐकलं असेल तर साक्ष द्यायला तयार आहात हे त्याला आधी सांगा. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि बाकीच्यांना त्याचा विटाळ वाटे. जास्त पगार त्याच खात्यात होता. डॉ. आंबेडकरांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस, गिरणी संपांच्या काळात, हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा तो मालकांइतकाच कामगारांनाही नकोसा होता. तुमची नवी युनियन सुपरवायझरच्या या बोलण्यावर काय भूमिका घेते, यावरून ती कुणाची आहे हे तुम्हाला बरंच कळेल.

राहिले वडील आणि स्थळं. लढा असं सांगणं मला सोपं आहे, गेट माझं बंद होणार नाही. म्हणून लढा असं मी सांगत नाही. वडिलांसोबत बसून एक हिशेब मांडा: उद्या काम थांबलं तर खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, हप्ते धरून किती महिने निभेल? निघेल तो आकडा दोघांनी बघा. कमी निघाला तर युनियनमध्ये पुढे उभं राहायचं बंधन तुमच्यावर नाही. सभासद म्हणून गप्प राहता येतं. वर्गणी भरून कामाला जाता येतं. पण निवेदनावर सही करण्याचंही बंधन नाही, आणि वडिलांनी जो मासा बघितलाय तो तुम्ही साक्षीदार झालात म्हणून तुमचा मित्र होणार नाही. निवेदन हातात पडल्यावर कंपनीला तुमची गरज फक्त साक्षीपुरती उरते. आज तुमच्याकडे जी काही किंमत आहे ती सही न केल्यामुळे आहे, एवढं वडिलांना समजावून सांगा. व्यवहार त्यांना तुमच्यापेक्षा चांगला कळत असणार. आणि ‘पर्मनंट आहे का’ विचारणाऱ्या घरांवर रागावू नका. तोंडी आश्वासनावर ‘हो’ सांगून मात्र बसू नका. सोयरीक जुळल्यावर हे बाहेर आलं तर ते जास्त वाईट.

माझ्या मते तुम्ही एचआरला जाऊन म्हणावं: नेमणूकपत्र द्या, मी ठेकेदाराचा राजीनामा देतो, दुसऱ्यांबद्दल मी काही लिहून देणार नाही, तो माझा विषय नाही. त्यांना चांगला कामगार हवा असेल तर एवढ्यावर काम व्हायला हरकत नाही. निवेदनाशिवाय नोकरी नाही म्हणाले, तर त्यांना कामगार नको होता, साक्षीदार हवा होता. तेव्हा सोडून द्या.

सही आधीच करून बसला असाल तर हातपाय गाळू नका. दबावाखाली सही घेतली, मजकूर मी लिहिलेला नाही आणि तो खरा नाही, असं पत्र लगेच, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, कंपनीला आणि ठेकेदाराला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. एक प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. जितका उशीर कराल तितकं ते पत्र नंतर सुचलेलं वाटेल. कोऱ्या कागदावर किंवा तारखेविना राजीनाम्यावर सही घेतली असेल तर तेही त्यात स्पष्ट लिहा.

वकिलाचा खर्च झेपणार नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण सगळेच तिथे अडतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकिलाचा हक्क कुणाला, याची यादी आहे. गरीब माणूस त्यात आहेच, पण औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता तो मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं; आधार कार्ड आणि कंपनीचा पास घेऊन जा. कामगार न्यायालयात काम करणारा वकील हवा, असं तिथे स्पष्ट सांगा. फौजदारी किंवा जमिनीचे खटले चालवणारा वकील या कामात चाचपडतो.

आणि पुढच्या साप्ताहिक सुट्टीला बसून तुमचं पीएफ पासबुक डाउनलोड करा. युएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक, एकच असतो, त्यामुळे सात वर्षांत किती ठेकेदार बदलले, कुठल्या महिन्यात कुणी पैसे भरले, ब्रेकचे महिने कुठले, हे सगळं एका ठिकाणी दिसेल. दिखाऊ ठेक्याच्या वादात याहून स्वच्छ कागद मिळत नाही. पगारातून कापलेले पैसे काही महिने भरलेच नाहीत असं दिसलं, तर त्या महिन्यांच्या स्लिपा लावून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका. ठेकेदाराने भरले नाहीत तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि या तक्रारीसाठी युनियनचा सभासद असावं लागत नाही.